तारो काजाची सहाशे वर्षं

1424 सालचा वसंत ऋतू. क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी गावात गोकोनोमिया देवस्थानचा उत्सव चालू होता आणि त्यासाठी नाटकमंडळी आली होती. गंभीर खेळांच्या मध्ये नटांनी एक विनोदी प्रसंग केला. विषय होता दरबारी सरदारांचं दारिद्र्य. अंगावर रेशीम आणि घरात अन्नान्नदशा असे सरदार त्या काळी क्योतोच्या आसपास पुष्कळ होते, त्यामुळे प्रेक्षकांना काही समजावून सांगावं लागलं नसणार. पण फुशिमीचे धनी राजकुमार सादाफुसा हे राजघराण्याच्या मागे पडलेल्या शाखेतले, आणि गावात राहणारी त्यांची माणसंही दरबारीच. राजकुमार संतापले. मंडळीच्या प्रमुखाला बोलावून त्यांनी खडसावलं आणि हा सगळा प्रकार आपल्या रोजनिशीत लिहून ठेवला.

लिहिता लिहिता त्यांनी आणखी दोन हकिकती नोंदवल्या. हिएई पर्वतावरच्या मठात नटांनी माकडांवर प्रहसन केलं होतं. माकड हा त्या पर्वताच्या देवाचा दूत. चिडलेल्या भिक्षूंनी शस्त्रं उपसली आणि रक्त सांडलं. निन्नाजी मठात नटांनी भिक्षूंचीच टवाळी केली, तेव्हा मठाधिपतींनी त्यांना शिक्षा फर्मावली. कुठे काय करू नये याचं भान या लोकांना नाही, असं राजकुमारांचं म्हणणं. मला मात्र वाटतं की नटांना ते भान पुरेपूर होतं. दरबाऱ्यांच्या वस्तीत दरबाऱ्यांवर, माकडांच्या पर्वतावर माकडांवर आणि मठात भिक्षूंवर प्रहसन करणारी मंडळी जागा चुकून निवडत नसतात.

या तिन्ही प्रहसनांची संहिता आज कुठेही नाही. ज्यांना ती झोंबली त्यांच्यापैकी एकाने लिहून ठेवलं, म्हणूनच ती झाली होती एवढं तरी आपल्याला कळतं. जपानच्या या विनोदी नाट्यप्रकाराचं नाव क्योगेन. त्याचा पहिला काळ असाच इतरांच्या कागदांतून गोळा करावा लागतो.

क्योगेन आणि नोह ही एकाच घरातली भावंडं. चीनमधून आलेले कसरती, जादू आणि नकलांचे खेळ देवळांच्या जत्रांत रुळले, त्यांना 'सारुगाकु' म्हणू लागले. अकराव्या शतकात फुजिवारा नो आकिहिरा या विद्वान दरबाऱ्याने या खेळांचं वर्णन करताना पहिल्यांदाच राजधानी पाहणाऱ्या पूर्वेकडच्या गावंढळ माणसाची नक्कल नोंदवली आहे, तान्ह्या बाळासाठी दुपटी मागत फिरणाऱ्या भिक्षुणीचीही नोंदवली आहे. चौदाव्या शतकात कान्आमी आणि त्यांचा मुलगा झेआमी यांनी सारुगाकुतला गाण्याचा आणि नृत्याचा भाग उचलून त्याचं नोह केलं. शोगुन म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश; शोगुन आशिकागा योशिमित्सुने त्यांना आश्रय दिला. नोहच्या रंगमंचावर रणात पडलेल्या योद्ध्यांचे आत्मे आणि विरहाने वेड्या झालेल्या स्त्रिया आल्या. हसवणं उरलं क्योगेनकडे. दोन नोहंच्या मध्ये एक क्योगेन, त्याच पटांगणात आणि त्याच प्रेक्षकांपुढे, असा दिवसभराचा क्रम ठरून गेला.

झेआमींना या भावंडाची थोडी काळजी वाटत असावी. 1430 मध्ये आपल्या मंडळीसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी क्योगेनच्या नटालाही चार गोष्टी सांगितल्या आहेत. लोकांना खदाखदा हसवण्यासाठी हीन शब्द किंवा हीन हावभाव वापरू नयेत. प्रेक्षकाच्या ओठांवर हसू यावं आणि त्याच्या आत आनंद असावा. फुशिमीच्या प्रकाराला तेव्हा सहाच वर्षं झाली होती. नटांनी हा उपदेश किती मनावर घेतला याचा पुरावा नाही, पण पुढच्या दोनशे वर्षांत क्योगेनची जी खेचाखेची चालली ती याच मुद्द्यावर होती.

मग 1467 मध्ये ओनिनचं युद्ध पेटलं. दहा वर्षांत क्योतोची राखरांगोळी झाली आणि पुढची शंभर वर्षं देशभर लढाया चालू राहिल्या. नोकराने धन्याला खाली ओढावं, धाकट्याने थोरल्याची गादी बळकवावी, असा तो काळ. क्योगेनमधली पुष्कळ नाटकं या मातीतली आहेत आणि त्यांतला 'दाइम्यो' म्हणजे सरदार बहुतेक वेळा पोकळ डौलाचा असतो. 'फुतारि दाइम्यो' या प्रहसनात दोन सरदार क्योतोला निघालेले असतात. बरोबर नोकर नाही. रस्त्यात भेटलेल्या वाटसरूला ते दमदाटी करून आपली तलवार वाहायला लावतात. थोडं अंतर जातं, आणि ज्याच्या हातात तलवार आहे तो आपण, हे त्या वाटसरूच्या ध्यानात येतं. तलवार उपसून तो दोघांचे कपडे उतरवतो, त्यांना कोंबड्यांसारखं झुंजायला लावतो, कुत्र्यांसारखं भुंकायला लावतो, ढकललं तरी पुन्हा उभ्या राहणाऱ्या बाहुलीसारखं डोलायला लावतो. गंमत अशी की डोलता डोलता सरदारांना स्वतःलाच मजा येऊ लागते. तेवढ्यात तो कपडे आणि तलवारी घेऊन पसार होतो.

या नाटकांची सर्वांत जुनी हाती आलेली वही 1578 सालची. तिच्यात शंभरएक नाटकं आहेत, पण प्रत्येकाची फक्त गोष्ट, तीही थोड्या ओळींत. संवाद नटांच्या तोंडी होते आणि ते रोज बदलत असावेत. समोर बसलेत कोण, गावात काल काय झालं, हे पाहून नट बोलत असणार.

तेवढ्यात हसणाऱ्यांत सत्ताधीशच येऊन बसले, आणि एकदा तर रंगमंचावरही आले. 1593 च्या हिवाळ्याच्या तोंडावर तोयोतोमी हिदेयोशीने क्योतोच्या राजवाड्यात सम्राटापुढे नोहचे प्रयोग केले. शेतकरी कुळातून वर येऊन सगळा जपान मुठीत घेतलेला हा माणूस उतारवयात नोहच्या नादी लागला होता. त्या प्रयोगांत 'मिमिहिकी' नावाचं क्योगेनही झालं. नावाप्रमाणे त्यात एकमेकांचे कान ओढायचे असतात. त्यातले नट होते खुद्द हिदेयोशी, माएदा तोशिइए आणि तोकुगावा इएयासु. देशातले तीन सर्वांत बलाढ्य पुरुष सम्राटासमोर कान ओढाओढीचं प्रहसन करत होते आणि त्याच वेळी कोरियात हिदेयोशीचं सैन्य तळ ठोकून होतं. दहा वर्षांनी इएयासु शोगुन झाला.

तोकुगावांच्या राज्यात नोह आणि क्योगेनला सरकारी समारंभाच्या कलेचा दर्जा मिळाला. घराण्यांना तनखे बांधून मिळाले, मान मिळाला, वंशपरंपरा ठरली. क्योगेनची ओकुरा, सागी आणि इझुमी ही तीन घराणी याच काळात पक्की झाली. ओकुरा घराण्याचे प्रमुख ओकुरा तोराआकिरा यांनी 1642 मध्ये दोनशेहून अधिक नाटकं संवादांसकट लिहून काढली आणि 1660 मध्ये क्योगेनवरचा पहिला मोठा विचारग्रंथ पुरा केला. हशा पिकवण्यासाठी वेडीवाकडी तोंडं करणाऱ्या, वाट्टेल ते बडबडणाऱ्या नटांवर त्यात त्यांनी कडक टीका केली आहे. हे क्योगेन नव्हे, काबुकीतल्या विदूषकाचे चाळे आहेत, असा त्यांचा रोख. तोराआकिरा नसते तर आज आपल्यापर्यंत फार थोडं पोचलं असतं. पण लिहिलेला शब्द प्रमाण झाला की समोरच्या माणसाला पाहून बोलण्याची मुभा जाते. तनख्यावरचा नट शोगुनच्या वाड्यात शोगुनची टवाळी करत नाही. दरबाऱ्यांच्या दारिद्र्यावरचं ते प्रहसन कोणी पुन्हा केल्याचं दिसत नाही.

गेलं ते गेलं, पण या अडीचशे वर्षांत नटांनी हातातल्या थोडक्या साधनांवर इतकी मेहनत घेतली की क्योगेनचा अभिनय ही एक स्वतंत्र विद्याच झाली. ती जवळून पाहण्यासारखी आहे.

रंगमंच साधारण सहा मीटर लांबीरुंदीचा, मागच्या भिंतीवर रंगवलेलं एकच पाइनचं झाड, डावीकडून येणारा लांब पूल. पडदा नाही, देखावे नाहीत. पायात पिवळसर मोजे आणि खांद्यावर मोठ्या ठसठशीत नक्षीचा अंगरखा घातलेला माणूस पुलावरून चालत येतो आणि सांगतो की मी याच भागात राहणारा आहे. नोहमध्ये पात्राला नाव असतं, कुळ असतं, पूर्वजन्मीचं दुःख असतं. हा मात्र तुमच्या शेजारचा. त्याचा नोकर असतो तारो काजा. आळशी, दारूवर जीव असलेला, धन्याला फसवू पाहणारा आणि बहुधा पकडला जाणारा. नट चौकोनात एक गोल फेरी मारतो, की झाला प्रवास. दार सरकवताना 'सारा सारा सारा' असा आवाज तो तोंडानेच काढतो, दारू ओतताना 'दोबु दोबु', करवत चालवताना 'झुका झुका'. काळ्या लाखेचं एक झाकणाचं पिंप असतं. कोणी बसलं की ते आसन होतं, चोर वर चढला की पर्सिमनचं झाड होतं, त्याचं झाकण दारूचा प्याला होतं. हसणंसुद्धा शिकून यावं लागतं. वरच्या पट्टीत मोठ्याने सुटलेला 'हा' आणि मग एकेक पायरी उतरत जाणारे बाकीचे, सगळे पोटातून. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वडील किंवा आजोबा समोर बसवून हे हसणं आणि रडणं शिकवतात.

हेच पिंप 'बुसु' या नाटकात मध्यभागी असतं. जपानी मुलांना माहीत असलेलं क्योगेन म्हणाल तर बहुधा हेच. धनी बाहेर निघालेला असतो. पिंपात बुसु नावाचं जहाल विष आहे, त्यावरून आलेला वारा लागला तरी माणूस मरतो, असं बजावून तो जातो. तारो काजा आणि जिरो काजा यांना चैन पडत नाही. विषाचा वारा आपल्याकडे येऊ नये म्हणून दोघेही पंख्याने उलटा वारा घालत, एक पाऊल पुढे आणि दोन मागे, असे पिंपाजवळ जातात. झाकण निघतं. आतला पदार्थ चविष्ट दिसतो. तारो चाखतो आणि कपाळाला हात लावतो. मेला? छे, साखर आहे! दोघे मिळून पिंप रिकामं करतात. मग तारो शांतपणे धन्याचं आवडतं चित्र फाडायला लावतो आणि मोठा किमती वाडगा फोडायला लावतो. धनी परत येतो तेव्हा दोघे हमसाहमशी रडत असतात. आम्ही कुस्ती खेळलो, त्यात हे मोडलं, आता जगून काय करायचं म्हणून बुसु खाल्लं. एक घास खाल्ला तरी मरेना, दोन खाल्ले तरी मरेना. धनी पंखा उगारून मागे धावतो आणि तिघेही पुलावरून आत जातात.

या गोष्टीचं मूळ तेराव्या शतकातल्या एका बौद्ध कथासंग्रहात आहे. तिथे कंजूष भिक्षू आणि त्याचा लहान शिष्य आहेत. क्योगेनने तिथून गोष्ट घेतली आणि ती धनी-नोकरांची केली. धन्याची लबाडी आधीची आहे, नोकरांची त्याला दिलेलं उत्तर आहे, आणि प्रेक्षक पहिल्या क्षणापासून नोकरांच्या बाजूने असतो. सत्ताधाऱ्यांची थेट टवाळी थांबल्यावर क्योगेनने जपून ठेवलं ते हे.

धर्माच्या बाबतीतही तसंच. 'शूरोन'मध्ये दोन पंथांचे भिक्षू एका धर्मशाळेत मुक्कामाला येतात. एक अमिताभ बुद्धाच्या नामाचा, दुसरा सद्धर्मपुंडरीक सूत्राचा. वाद घालून दमतात, झोपतात, पहाटे उठून एकमेकांवर कुरघोडी करत जप सुरू करतात. आवाज चढतो, पाय नाचू लागतात आणि भानावर येतात तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचा मंत्र असतो. दोघेही एकच, असं म्हणत नाटक संपतं. इथे भिक्षूंवर कुठेच राग नाही. झेआमींनी सांगितलेलं हसू ते हेच असं मला 'शूरोन'मुळे पटतं.

एदो, म्हणजे आजच्या तोक्योतल्या, तोकुगावांच्या किल्ल्यात काही खास प्रसंगी शहरातल्या सामान्य लोकांनाही हे खेळ पाहायला आत सोडत. छत्र्या आणि दारू दिली जाई. एरवी मात्र प्रेक्षक सरदार आणि सामुराई. त्यांतले काही नुसते हौशी नव्हते. हिकोने संस्थानचा धनी इइ नाओसुके याने क्योतोच्या शिगेयामा घराण्यातल्या सेन्गोरो मासातोरा या नटाला पदरी ठेवलं आणि त्याच्यासाठी 'ओनिगायादो' हे क्योगेन स्वतः लिहिलं. हाच नाओसुके शोगुनच्या राज्याचा मुख्य मंत्री झाला, त्याने 1858 मध्ये अमेरिकेशी व्यापाराचा करार केला, विरोधकांना निर्दयपणे चिरडलं आणि 1860 मध्ये किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर बर्फात त्याचा खून झाला.

आठ वर्षांनी शोगुनशाहीच संपली. 1868 नंतर तनखे बंद झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या फक्त सरदारांपुढे उभ्या राहिलेल्या कलावंतांना पोट कसं भरायचं ते कळेना. कोणी दुकान काढलं, कोणी मुखवटे आणि वस्त्रं विकली. काहींनी शामिसेन या तंतुवाद्याची साथ घेऊन काबुकीच्या वळणाचे मिश्र खेळ केले आणि घराण्यांचा रोष ओढवून घेतला. सागी घराणं, एके काळी इएयासुच्या खास मर्जीतलं, व्यावसायिक परंपरा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपलं. त्याची नाटकं उरली ती यामागुची शहरातल्या आणि सादो बेटावरच्या हौशी नागरिकांकडे.

नोहला पुन्हा वरून हात मिळाला. मंत्री इवाकुरा तोमोमी युरोप-अमेरिकेचा दौरा करून 1873 मध्ये परतला. तिथे पाहुण्यांना ऑपेराला नेतात हे त्याने पाहिलं होतं, आणि जपाननेही पाहुण्यांना दाखवावं असं काही हवं, हे त्याच्या मनाने घेतलं. 1876 मध्ये सम्राट मेइजी त्याच्या वाड्यावर नोह पाहायला आले. 1879 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट आले. 1881 मध्ये तोक्योच्या शिबा उद्यानात नोहसाठी रंगमंदिर उभं राहिलं. पण या सगळ्या प्रतिष्ठेत क्योगेनची जागा नोहच्या मधला विसावा एवढीच. परदेशी पाहुण्यांना राष्ट्राचं गांभीर्य दाखवायचं होतं. दारूसाठी धन्याला फसवणारा तारो काजा त्यात बसत नव्हता.

क्योगेनला हात मिळाला तो क्योतोच्या गल्ल्यांतून. शिगेयामा घराण्याने बोलावणं येईल तिथे जायचं ठरवलं: लग्नं, देवळांच्या जत्रा, शेठजींच्या बैठका. हे नोहच्या रंगमंचाबाहेर जाणं इतरांना भयंकर वाटलं. दुसरे शिगेयामा सेन्साकु (1864–1950) यांना तर नावं ठेवताना म्हणत की हे टोफूसारखे आहेत. क्योतोत जेवायला काय करावं सुचेना की टोफू आणायचा, आणि समारंभात काय ठेवावं सुचेना की शिगेयामांचं क्योगेन ठेवायचं. सेन्साकुंनी ती निंदा उचलून डोक्यावर घेतली. टोफू स्वस्त असतो, कोणत्याही घरात चालतो, साधा खाल्ला तरी चांगला आणि निगुतीने केला तर मेजवानीलाही शोभतो. आमचं क्योगेन तसंच असू दे. 'टोफूचं क्योगेन' हे त्या घराण्याचं आजही ब्रीद आहे.

तोक्योत यामामोतो घराणं नेमकं उलट्या टोकाला उभं होतं. बेशिस्तीने भरभराट होण्यापेक्षा नियम पाळत नष्ट झालेलं बरं, अशी त्यांच्या घरची शिकवण. मला या दोन्ही घराण्यांविषयी आदर आहे. यामामोतोंच्या कडकपणामुळे जुनं रूप शाबूत राहिलं. पण कला जगायला समोर माणसं लागतात, आणि ती शिगेयामांनी गोळा केली. तनखे गेल्याने जे दारिद्र्य आलं त्यानेच क्योगेनला देवळाच्या पटांगणातला जुना प्रेक्षक परत मिळवून दिला, असं माझं ठाम मत आहे.

1945 नंतर हा प्रेक्षक झपाट्याने वाढला. तोक्योतली बहुतेक नोह रंगमंदिरं हवाई हल्ल्यांत जळाली होती. शिगेयामा बंधू, म्हणजे पुढे चौथे सेन्साकु झालेले थोरले आणि धाकटे सेन्नोजो, शाळाशाळांच्या व्यायामशाळांत जाऊन मुलांपुढे प्रयोग करू लागले. मुलांना शेकडो वर्षांपूर्वीची भाषा निम्मी कळत नव्हती, पण बुसुचं झाकण उघडताना सगळी व्यायामशाळा श्वास रोखून बसायची. नाटककार ईझावा तादासु यांनी मध्ययुगीन फ्रेंच प्रहसनावरून 'सुसुगिगावा' लिहिलं. बायको आणि सासू कामांची यादी देऊन नवऱ्याला राबवतात. बायको नदीत वाहून जाऊ लागते तेव्हा तो यादी काढून पाहतो की तिला वाचवण्याचं काम तिच्यात आहे का. शिगेयामांनी ते रंगमंचावर आणलं आणि हे मूळचं परकं नाटक आज क्योगेनच्या नेहमीच्या यादीत आहे. दिग्दर्शक ताकेची तेत्सुजींबरोबर या बंधूंनी इतरही प्रयोग केले, तेव्हा नोहच्या संघटनेने त्यांना बाहेर काढण्यापर्यंत वेळ आली होती. तोक्योत नोमुरा घराण्यातले तरुण मान्साकु 1955 मध्ये ताकेचींच्याच 'पिएरो ल्युनेर' या प्रयोगात उतरले. केवळ क्योगेनच्या संध्याकाळी भरू लागल्या, मधल्या विसाव्याची गरज उरली नाही.

मान्साकुंचं नाव निघालं की 'त्सुरिगित्सुने'चं नाव निघतंच. नट माकडापासून सुरू होतो आणि कोल्ह्यापाशी पुरा होतो, असं क्योगेनमध्ये म्हणतात. लहानपणी पहिली भूमिका माकडाची, आणि तारुण्यात कसोटी लागते ती 'त्सुरिगित्सुने'त. शिकाऱ्याने ज्याचं सगळं कुळ मारलं तो म्हातारा कोल्हा भिक्षूचं रूप घेऊन शिकाऱ्याला हत्येपासून परावृत्त करायला जातो. नटाने कोल्ह्याचा वेश घालायचा, त्यावर भिक्षूची जड वस्त्रं आणि मुखवटा चढवायचा, आणि कंबर खाली दाबून तासभर वावरायचं. परतताना वाटेत सापळ्याचं आमिष दिसतं. वास येतो. तो पुढे जातो, मागे येतो, स्वतःला समजावतो, पुन्हा वळतो. प्रेक्षक हसत असतो आणि घाबरतही असतो.

पुढे क्योगेन परदेशी गेलं. 1991 मध्ये मान्साकुंनी शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफला लंडनमध्ये फुशारकी मारणारा सामुराई केलं, आणि 2001 मध्ये त्यांचा मुलगा मान्साइ याने ग्लोब रंगमंदिरात 'कॉमेडी ऑफ एरर्स' क्योगेनच्या पद्धतीने उभं केलं. त्याच वर्षी 'ओन्म्योजी' चित्रपटामुळे मान्साइ घरोघरी पोचला आणि त्याला पाहायला आलेली तरुण मुलं-मुली क्योगेनच्या प्रयोगांना बसू लागली.

जपानमध्ये संस्कृती पदक हा कलावंताचा मोठाच सन्मान. नोहच्या नटाला, पहिल्या उमेवाका मान्झाबुरोंना, तो 1946 मध्येच मिळाला होता. क्योगेनच्या नटाला पहिल्यांदा मिळाला 2007 मध्ये: शिगेयामा घराण्यातल्या चौथ्या सेन्साकुंना, वयाच्या 87व्या वर्षी. पुढे 2023 मध्ये तो नोमुरा मान्साकुंनाही मिळाला, तेव्हा ते 92 वर्षांचे होते आणि रंगमंचावर काम करतच होते.